दोन्ही पाय थांबले की

दोन्ही पाय थांबले की घड्याळ सुरू करायचं आणि एक जरी पाय उचलला की बंद, हा नियम तिनेच घातला होता. चालता चालता नुसती मान वळवणाऱ्याला बघणारा म्हणायचं नाही. चित्राकडे पाठ करून फोनवर बोलणाऱ्याला धरायचं नाही. शाळांच्या रांगा वगळायच्या. चित्रकार स्वतः, त्याचे नातेवाईक, स्नेही आणि संग्रहालयाचे नोकर यांची नोंद करायची नाही. असे नऊ नियम तिने एका कागदावर लिहिले, खाली सही केली आणि मंगळवारी सकाळी साडेदहाला स्टॉपवॉच घेऊन आधुनिक चित्रांच्या दालनात कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली.

संग्रहालयात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. ती रसायनशास्त्र शिकलेली होती आणि तळघरातल्या प्रयोगशाळेत आजारी चित्रं तपासायची. रंगाचे सुटलेले पापुद्रे चिकटवायचे, बुरशी काढायची, दालनांतलं तापमान आणि दमटपणा डोळ्यांत तेल घालून सांभाळायचा, हे तिचं काम. पंचवीस वर्षांत तिने माणसांच्या तोंडापेक्षा कॅनव्हासची पाठच जास्त पाहिली होती. माणसं मोजायचं काम तिच्या गळ्यात पडलं ते संचालकांमुळे. शेजारचं उत्तर-आधुनिक दालन वाढवायचं ठरलं होतं आणि त्यासाठी आधुनिक दालनातल्या बारा चित्रांपैकी सात कोठीत जाणार होती. कुठली सात, यावर समिती तीन बैठका भांडली. चौथ्या बैठकीत संचालक म्हणाले, "आपण कशाला डोकेफोड करायची? लोकांवर सोपवू. विचारलं तर लोक खोटं बोलतात, म्हणून विचारायचं नाही, मोजायचं. ज्या चित्रापुढे लोक थांबतात ते राहील. डॉक्टरीणबाई, तुम्ही मोजा."

"बारांतलं नववं माझ्या वडिलांचं आहे," तिने आठवण करून दिली.

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय. तुम्ही वडिलांना दोन सेकंद जास्त देणार नाही, हे इथला शिपाईसुद्धा सांगेल."

ही स्तुती होती की टोमणा, ते तिला कळलं नाही. तिने दहावा नियम लिहिला: नवव्या चित्राच्या वेळा दालनातल्या पहारेकरीण मावशींनी वेगळ्या घड्याळावर मोजायच्या आणि दोन्ही आकडे जुळले तरच धरायचे.

बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. चाळीस वर्षं त्यांनी चित्रं काढली. त्यांपैकी दोनशेच्या वर घरातच होती: कपाटामागे, पलंगाखाली, न्हाणीघरावरच्या माळ्यावर. चारचौघांना दिसेल असं एकच टांगलेलं होतं, हे नववं. दोन हात रुंद, माणसाएवढं उंच, राखी आणि मातकट पिवळ्या रंगाचे थरांवर थर, आणि खाली उजवीकडे एक काळा चौकोन. नाव नाही. ते चित्र संग्रहालयाला देताना बाबांनी दानपत्रात एकच अट घातली होती: चित्राशेजारी माझं नाव आणि साल याखेरीज एक अक्षर लावायचं नाही. "चित्राला तोंड असतं," ते म्हणायचे. "त्याच्या वतीने दुसऱ्याने बोलायचं कारण नाही."

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. "माणूस दिसत नाही, त्याचे कान दिसतात," असं ते आल्यागेल्याला सांगत. तेव्हापासून त्यांच्या सह्यांचा अधिकार मुलीकडे होता. विजेच्या अर्जावर काय आणि बँकेत काय, त्यांच्या नावापुढे सही तिची.

पहिल्या दिवशी ती घरी आली तेव्हा ते दाराशीच खुर्ची टाकून बसले होते.

"किती?"

"बाबा, एका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नसतो."

"अर्थ मी विचारलाच नाही. किती?"

"अडतीस सेकंद. सरासरी."

"आणि बाकीचे?"

"सहा ते अकराच्या मध्ये."

जेवताना ते दोनदा म्हणाले, "अडतीस." जणू कोणी पाहुणा येणार होता आणि त्याचं नाव ते तोंडात घोळवून बघत होते.

दुसऱ्या दिवशी एकोणचाळीस. तिसऱ्या दिवशी छत्तीस. मावशींचे आकडे तिच्याशी अर्ध्या सेकंदाच्या आत जुळत होते. चौथ्या दिवशी बाबांनी आपणहून दाढी केली, कानाखाली कापून घेतलं, आणि एका जुन्या चित्रकार मित्राला फोन लावून तासभर त्याचं डोकं खाल्लं. "अरे, कोणी काही सांगत नसताना थांबतात. पाटी नाही, कानाला माहिती सांगणारं यंत्र नाही. नुसते थांबतात. चाळीस वर्षं आपण काय म्हणत होतो?" पलीकडून तो मित्र काय म्हणाला ते तिला ऐकू आलं नाही, पण बाबा हसले. असे हसलेले तिने आई गेल्यानंतर पाहिले नव्हते.

त्याच आठवड्यात दुपारच्या वेळी ती शेजारचं दालनही मोजत होती. तिथे कपडे धुण्याच्या यंत्रांची अकरा जुनी पिंपं एकावर एक रचलेली होती. एका प्रसिद्ध चित्राच्या नकलेची नक्कल होती आणि तिच्यावर ‘नक्कल’ असा शिक्का. ‘बसू नये’ अशी सूचना लावलेली खुर्ची होती, आणि ती सूचना हीच कलाकृती होती. प्रत्येक वस्तूशेजारी हातभर लांब पाटी. बाबा धडधाकट होते तेव्हा एकदा या दालनातून फिरून म्हणाले होते, "आम्ही चित्र झालं की पाटी लावायचो. हे पाटी झाली की चित्र शोधायला निघतात."

त्या पाट्या लिहिणारा होता दालनाचा नवा अभिरक्षक. वय पस्तीस, आवाज मऊ, चष्मा सतत कपाळावर. त्याला पाठीमागे सगळे भाष्यकार म्हणत, आणि त्याला ते माहीत होतं. तो तिच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसून आकडे बघू लागला.

"पिंपांना किती, मॅडम?"

"बावन्न सेकंद. त्यातले एक्केचाळीस पाटीवर, अकरा पिंपांवर."

"तुम्ही डोळेसुद्धा मोजता?"

"डोळे नाही, मान. मान कुठे वळलेली आहे ते दिसतं."

तो हसला. "तुम्हाला वाटतं ही आमची हार आहे. पण पाटी वाचणं हेही बघणंच आहे. तुमच्या वडिलांच्या पिढीने ठरवून टाकलं की अर्थ चित्रात ठासून भरलेला असतो आणि लोकांनी तो मुकाट्याने घ्यायचा. आम्ही एवढंच म्हणतो, की अर्थ समोर उभ्या असलेल्या माणसात तयार होतो. तो बसमध्ये भांडून आला असेल, त्याचा बूट चावत असेल, तेही त्यात आलं."

"बूट चावत असेल तर तो लवकर निघेल."

"मग तोही अर्थच."

तिने पुढच्या माणसासाठी घड्याळ शून्यावर आणलं. ज्या म्हणण्याला कुठलाच आकडा खोटं पाडू शकत नाही, त्याच्याशी वाद घालायची तिला सवय नव्हती.

शनिवारी मोजणी संपली. नववं चित्र यादीत पहिलं होतं, आणि दुसऱ्यापेक्षा सत्तावीस सेकंदांनी पुढे. मावशी गुडघे चोळत उठल्या आणि आपलं घड्याळ तिच्या हातात देत म्हणाल्या, "बाबांना सांगा हो. खूश होतील. आणि उन्हाळा सरायच्या आत निकाल लावून घ्या म्हणावं."

"उन्हाळ्याचा काय संबंध?"

"अहो ताई, तिथे वरून गार येतं ना. बाहेर ते रांगेत तासभर तापलेले असतात. आत आले की सात-आठ चित्रं फिरतात आणि तिथे आले की सुटकेचा श्वास टाकतात. मी पण जेवण झालं की तिथेच जाऊन उभी राहते. मानेला बरं वाटतं." मग तिचा चेहरा बघून मावशी चाचरल्या. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. ती जाळी तुम्हीच तर वळवून घेतली."

तिनेच वळवून घेतली होती. दोन वर्षांपूर्वी छतातल्या एसीचा कोरडा झोत थेट नवव्या चित्रावर पडत होता आणि काळ्या चौकोनाच्या कडेला रंग उचलला जाऊ लागला होता. तिने शिडी मागवली, स्वतः वर चढली आणि जाळीच्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला वाकवून घेतल्या. चित्र वाचलं. झोत तिथून पुढे दीड मीटरवर पडू लागला, नेमका माणूस जिथे उभा राहतो तिथे. तिची सगळी मापकं भिंतीवर, चित्रांच्या मागे होती. चित्राला काय वाटतं ते ती दर तासाला मोजत होती. माणसाच्या मानेला काय वाटतं, ते तिने कधी मोजलंच नव्हतं.

तिला गप्प बसता आलं असतं. विचारायला कोणी येणार नव्हतं. मावशींनी तर त्यात चूक काय तेही ओळखलं नव्हतं.

पण तिला एक जुनी गोष्ट आठवत होती. ती दहा-अकरा वर्षांची असताना घरी एक मोठं चित्र पुरं होत आलं होतं, आणि येणारा जाणारा त्याच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, वा, पक्षी छान आलाय. बाबांनी पक्षी काढलाच नव्हता. आठवडाभर त्यांनी ऐकून घेतलं आणि मग एका सकाळी पातं घेऊन तो कोपरा कापडापर्यंत खरवडून काढला. आई म्हणाली, लोकांना आवडत होतं की. बाबा म्हणाले, "ते पक्ष्यासाठी थांबत होते. चित्रासाठी नाही."

पुढचे बारा दिवस तिने पुन्हा मोजणी लावली. रोज सकाळी नाणं उडवून ठरवायचं, आज झोत चालू की बंद. चालू असताना अडतीस. बंद असताना सात. शेवटी खात्री म्हणून तिने नववं चित्र चौथ्याच्या जागी टांगलं आणि चौथं त्या झोताखाली आणलं. चौथ्यापुढे लोक पस्तीस सेकंद उभे राहिले. चौथं चित्र म्हणजे एका खुर्चीवर ठेवलेला टॉवेल होता.

घरी ती रोज सांगायची, "मोजतेय अजून." ते खोटं नव्हतं, पण खरं सांगणंही नव्हतं. बाबा म्हणायचे, "मोज, मोज. पक्कं कर. उद्या कोणी म्हणायला नको, की पोरीने बापाला झुकतं माप दिलं."

अहवाल तिने दोन पानांत संपवला. सात सेकंदांनी नववं चित्र बारांत दहावं आलं. कोठीत जाणाऱ्या सातांत ते बसत होतं. खाली तिने लिहिलं: पहिल्या मोजणीत दोष मोजणाऱ्याचा आहे.

बैठकीत अहवाल वाचून झाला. मग भाष्यकार कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणून म्हणाला, "हे फार सुंदर आहे."

"काय सुंदर आहे?" संचालकांनी विचारलं.

"हे चित्र कोठीत कशाला टाकायचं? ते माझ्या दालनात द्या. जाळीसकट, झोतासकट. शेजारी पाटी लावू. चाळीस वर्षं एक माणूस म्हणत राहिला की चित्राला कशाचीच गरज नसते, आणि त्याच्या मुलीने सिद्ध केलं की गरज एसीची असते. मॅडम, राग मानू नका. तुम्ही या संग्रहालयातली सगळ्यांत चांगली कलाकृती केली आहे, आणि तुम्हाला पत्ताच नाही."

दोघेतिघे हसले. संचालक हसले नाहीत, पण त्यांनी मान हलवली, आणि ती मान होकाराची होती.

बैठकीनंतर त्यांनी तिला थांबवून घेतलं. "दानपत्रातली ती अट तेवढी आड येते. पाटी लावायची तर सही लागेल. नाही केलीत तर काही हरकत नाही, चित्र ठरल्याप्रमाणे कोठीत जाईल. तुम्ही ठरवा. जबरदस्ती नाही."

कोठी तिला पाठ होती. अंधार, अठरा अंश, दमटपणा पन्नास टक्के. चित्राच्या तब्येतीला त्याहून चांगली जागा नाही. तिथे गेलेलं चित्र परत वर आलेलं तिने पंचवीस वर्षांत दोनदा पाहिलं होतं. आणि रोज संध्याकाळी दाराशी टाकलेली ती खुर्ची. आज किती, याला काय उत्तर द्यायचं? कोठीत शून्य.

ती दोन दिवस पाटीच्या परवानगीचा कागद पर्समध्ये घेऊन फिरली. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवून, तिने सही केली. बाबांच्या नावापुढे, नेहमीसारखी. एक रेघही वाकडी आली नाही, याचंच तिला वाईट वाटलं.

घरी तिने एवढंच सांगितलं, "चित्र राहिलं, बाबा. शेजारच्या दालनात हलवतायत. जागा मोठी आहे."

"त्या पिंपांच्या शेजारी?"

"हो."

"असू दे. पिंपांनाही बघायला काहीतरी हवं."

महिन्याभराने ते म्हणाले, मला ने. आता दिसतं ते कधी दिसायचं बंद होईल सांगता येत नाही. तिने आठवडाभर टाळलं. पाय दुखतील, गर्दी असते, जिना आहे. शेवटी ते स्वतःच बूट घालून दाराशी उभे राहिले, तेव्हा तिचा नाइलाज झाला.

दालनात शिरल्यावर ते थांबले आणि त्यांनी कान टवकारले. नवव्या चित्रापुढे सात-आठ जण उभे होते. ते सगळे दोन्ही पाय टेकवून, निवांत उभे होते. भाष्यकाराने जाळी नव्या जागेवर तंतोतंत तशीच बसवून घेतली होती. एक मुलगी मैत्रिणीला काहीतरी वाचून दाखवत होती आणि दोघी खिदळत होत्या.

"गर्दी आहे," बाबा म्हणाले. चेहरा उजळला होता. "हसतायत का?"

"हसतायत."

"हसू दे. रडण्यापेक्षा बरं."

लोकांनी म्हाताऱ्याला वाट दिली. ते चित्रापुढे उभे राहिले आणि डोळ्यांच्या कडेने बघण्यासाठी मान डावीकडे वळवली, पाखरं वळवतात तशी. बराच वेळ बघत होते. मग कपाळाला आठी पडली.

"काळे चौकोन दोन कसे?"

पाटी काळी होती आणि अक्षरं पांढरी. ती चित्राच्या उजवीकडे खालीच लावली होती.

"एक माझा. हा दुसरा बाहेर कोणाचा?"

"पाटी आहे, बाबा."

"नावाची?"

"नावाची नाही."

ते हललेच नाहीत. मागे कोणीतरी खोकलं. ते म्हणाले, "वाच."

"तुम्हीच म्हणायचात ना, पाटी वाचायची नाही."

"बघणाऱ्याने वाचायची नाही. मला दिसत कुठे आहे? वाच."

तिने वाचलं. ती प्रयोगाच्या नोंदी वाचते तशाच आवाजात वाचलं, कारण दुसरा आवाज तिच्याकडे नव्हता. "या चित्रासमोर लोक सरासरी अडतीस सेकंद थांबतात. वरची थंड हवा बंद केली, तर सात. तुम्ही आत्ता कशासाठी थांबला आहात?"

बाबांनी हात मागे नेला आणि मानेवरून फिरवला. मग तळहात वर करून डोक्याच्या वर धरला, पाऊस पडतोय का बघावा तसा.

"सात," ते म्हणाले.

"हो."

"मोजलं कोणी?"

"मी."

"आणि सही?"

"तीही मीच केली."

त्यांनी मान डोलावली. तिला वाटलं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या रागाशी तिची लहानपणापासून ओळख होती. पण ते नुसते उभे राहिले.

"तुझ्या तळघरात पातं असेल ना?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. "खरवडायचं?"

"आहे."

"राहू दे. चित्रात काही खोटं नाही. मग खरवडायचं काय?" त्यांनी पाटीच्या दिशेने हनुवटी केली. "लिहिलंय बाकी बरं. छोटं आणि चोख. चित्राची गरजच नाही त्याला."

खिदळणाऱ्या दोघी आता म्हाताऱ्याकडे बघत होत्या. त्यांतल्या एकीने फोन वर धरला. उद्या हेही पाटीत येईल, असं तिच्या मनात आलं. चित्रकार स्वतः येऊन उभा राहिला आणि त्याच्याही मानेला गार लागलं. भाष्यकाराला ते फार सुंदर वाटलं असतं.

बाबा एक पाऊल डावीकडे सरले, झोताच्या बाहेर. तिथून त्यांनी पुन्हा एकदा मान वळवून बघायचा प्रयत्न केला.

"इथून काहीच दिसत नाही," ते म्हणाले. "चल."

दारापर्यंत ते तिच्या खांद्याला धरून चालले. पायऱ्यांवर तिच्या लक्षात आलं की उजव्या हाताचा अंगठा खिशातल्या स्टॉपवॉचच्या बटणावर टेकलेला आहे. त्यांचे दोन्ही पाय थांबले तेव्हाच, सवयीने, तो दाबला गेला असावा, आणि पाऊल सरलं तेव्हा पुन्हा. तिने घड्याळ बाहेर काढून पाहिलं. चार मिनिटं बारा सेकंद. आजवरची सगळ्यांत मोठी वेळ.

नियमाप्रमाणे ती नोंद धरता येत नव्हती. तिने बटण दाबून आकडा पुसला आणि बाबांना पुढची पायरी दाखवली.

घरी आल्यावर त्यांनी दाराशी ठेवलेली खुर्ची स्वतःच उचलून आत नेली. किती, हे त्यांनी त्यानंतर कधी विचारलं नाही.